किल्ल्या कुणाच्या कमरेला?



6 मे 2023 रोजी लंडनमध्ये चार्ल्स राजांच्या डोक्यावर मुकुट चढला, तेव्हा आपल्याकडंही घरोघरी टीव्ही चालू होते. पुढं आठवडाभर चर्चा कशाची? तर राणीच्या मुकुटात कोहिनूर होता की नव्हता. नव्हता. संपला विषय. पण त्या मुकुटाखालच्या माणसाला काय काय करता येतं, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? लोकशाहीत राजा असावा की नसावा, यावर हमरीतुमरीवर यायला आपण केव्हाही तयार. एक म्हणणार, जन्मानं मिळालेला मान लोकशाहीत शोभत नाही. दुसरा म्हणणार, असू दे की, कुणाचं काय अडलंय? पहिल्याचं म्हणणं तत्त्व म्हणून मलाही पटतं. पण आज मला दहाच मिनिटं दिली आहेत आणि माझं गाऱ्हाणं वेगळं आहे. राजा ठेवायचा की घालवायचा, ते नंतर बघू. त्याच्या हातात काय शिल्लक आहे आणि ते कुठं नीट लिहून ठेवलंय का, हे आधी बघा.

जुन्या वाड्यातल्या सासूबाई डोळ्यांसमोर आणा. कारभार सुनेकडं दिलेला. भाजी कुठली, पाहुणे कधी, दूधवाल्याचा हिशेब, सगळं सून बघते. सासूबाई सणावारी पाटावर बसतात, सगळे पाया पडतात. मात्र किल्ल्यांचा जुडगा अजून त्यांच्याच कमरेला. त्यातली कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, कुणी विचारत नाही. विचारणं बरं दिसत नाही ना! वर्षं जातात. जुडगा म्हणजे दागिनाच, असं घरातल्यांना वाटायला लागतं. मग एक दिवस घरात जुंपते, सासूबाई उठतात, कोठीच्या खोलीला किल्ली लावतात, आणि कुलूप उघडतं.

ऑस्ट्रेलियात हेच झालं. तिथल्या सासूबाई, म्हणजे ब्रिटनची तेव्हाची राणी, लंडनला आणि जुडगा कॅनबेरात दिवाणजींकडं, म्हणजे गव्हर्नर जनरलकडं. 1975 साली पंतप्रधान होते मजूर पक्षाचे गॉफ व्हिटलम. कनिष्ठ सभागृहात त्यांचं बहुमत होतं, पण सिनेटमध्ये विरोधकांनी ऑक्टोबरपासून सरकारी खर्चाची मंजुरी अडवून धरली होती. पैसा संपत आला. 11 नोव्हेंबरला व्हिटलम गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांच्याकडं गेले, सिनेटच्या अर्ध्या जागांची निवडणूक मागायला. कर यांनी त्यांच्या हातात बडतर्फीचं पत्र ठेवलं. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर त्याच बंगल्यात, दुसऱ्या खोलीत बसलेले होते. व्हिटलम बाहेर पडले आणि थोड्याच वेळात फ्रेझर यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. आणि गंमत बघा, या कर साहेबांची नेमणूक झाली होती ती व्हिटलम यांच्याच शिफारशीनं!

त्याच दुपारी कनिष्ठ सभागृहानं फ्रेझर यांच्यावर अविश्वास दाखवला. तो ठराव घेऊन सभापती कर यांच्या भेटीची वाट बघत राहिले, आणि भेट होण्याआधीच संसद विसर्जित झाली. सभापतींनी थेट राणीला पत्र लिहिलं. राजवाड्यातून उत्तर आलं की, हे अधिकार गव्हर्नर जनरलचे, राणीनं त्यात पडणं उचित नाही. कर आणि राजवाडा यांच्यातला पत्रव्यवहार न्यायालयात भांडून 2020 साली लोकांसमोर आला. त्यात 11 नोव्हेंबरचंही पत्र आहे. राणीला आधी न कळवणंच बरं, असं आपण ठरवलं, हे कर यांनी त्यात लिहिलंय. म्हणजे जुडगा सासूबाईंचा, किल्ली फिरवली दिवाणजींनी, आणि विचारायला जावं तर दोघांचीही बोटं एकमेकांकडं.

डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर प्रचंड बहुमतानं निवडून आले, हेही सांगायला हवं. कर बरोबर की चूक, यावर तिथं आजही दोन तट आहेत. मी त्यात पडत नाही. माझं म्हणणं इतकंच, की केंद्रातल्या सरकारवर ती किल्ली त्याआधी कुणी चालवूनच पाहिली नव्हती.

बरं, एवढा चटका बसल्यावर ऑस्ट्रेलियानं काय केलं? 1999 साली सार्वमत घेतलं. राणीऐवजी राष्ट्राध्यक्ष असावा आणि तो संसदेनं दोन तृतीयांश मतांनी निवडावा, असा प्रस्ताव. तो पडला. विरोधात जवळजवळ 55 टक्के, आणि सहापैकी एकाही राज्यात बहुमत नाही. कारण प्रजासत्ताक हवं म्हणणाऱ्यांतच फूट. राष्ट्राध्यक्ष निवडायचाच तर आम्ही मतदार निवडू, खासदारांनी कशाला, म्हणून कितीतरी जण राजनिष्ठांच्या बाजूनं मत देऊन आले. हे सगळं वर्तमानपत्रांत आलेलंच आहे. त्यातली खरी मेख सांगतो. त्या प्रस्तावातसुद्धा गव्हर्नर जनरलचे ते राखीव अधिकार तसेच्या तसे राष्ट्राध्यक्षाकडं जाणार होते. कुठले अधिकार, कधी वापरायचे? रूढीप्रमाणे! म्हणजे सासूबाईंना काशीला पाठवायचं, आणि जुडगा न मोजता नव्या माणसाच्या कमरेला बांधायचा. तो प्रस्ताव मंजूर झाला असता तरी 1975 पुन्हा घडायला मोकळीक होतीच.

आता स्वीडन. लोकांना वाटतं तिथं राजा आहे, म्हणजे मागासलेपणा. अहो, जरा आत डोकावून बघा. 1971 मध्ये टोरेकॉव्ह नावाच्या समुद्रकाठच्या गावात पक्षांची तडजोड झाली. राजा राहील, अधिकार एकही राहणार नाही. तशी राज्यघटना 1975 च्या 1 जानेवारीपासून लागू झाली. स्वीडनचा राजा कायद्यावर सही करत नाही. पंतप्रधान नेमत नाही. संसद विसर्जित करत नाही. पंतप्रधानपदासाठी नाव सुचवायचं संसदेच्या अध्यक्षांनी आणि ठरवायचं संसदेनं. नियमही मजेदार आहे. बाजूनं किती, हे मोजत नाहीत, विरोधात निम्म्याहून जास्त आहेत का, एवढंच बघतात.

24 नोव्हेंबर 2021 ला मॅग्डालेना अँडरसन यांचं नाव पुढं आलं. 349 च्या संसदेत बाजूनं 117, विरोधात 174. नाव पाडायला 175 लागतात! एका मतानं त्या वाचल्या आणि स्वीडनला पहिली महिला पंतप्रधान मिळाली. काही तासांतच अंदाजपत्रकावरून ग्रीन पक्षानं साथ सोडली आणि संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या सोमवारी पुन्हा मतदान, पुन्हा निवड. एवढ्या धामधुमीत राजा काय म्हणाला, राजवाड्यात कोण कुणाला भेटलं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही, कारण विचारायचं कारणच नव्हतं. सासूबाई पाटावर आहेत, पाया पडणारे पडताहेत, आणि कमरेला जुडगा नाही.

ब्रिटनमध्ये हे झालेलं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीनं संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित केली. राणी नाही म्हणू शकली असती का? जो तो वेगळं सांगतो. शेवटी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमतानं तो सल्लाच बेकायदा ठरवला. न्यायालय मधे पडलं म्हणून निभावलं. नाहीतर... असो, घड्याळाकडं बघायला हवं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं, आमच्याकडं राजा नाही. असं म्हणू नका. 1986 साली आपल्या संसदेनं टपाल दुरुस्ती विधेयक मंजूर केलं, त्यावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. ठेवून दिलं. लोकांची पत्रं उघडण्याची मुभा सरकारला देणारं विधेयक ते, अडलं ते बरंच झालं! पण अडलं कशामुळं? घटनेच्या 111 व्या कलमात सही किती दिवसांत करायची, याची मुदतच लिहिलेली नाही. हीसुद्धा किल्लीच, आणि राजा नसलेल्या घरातली. राज्यपालांच्या टेबलावर पडून राहिलेल्या विधेयकांचं मी बोलत नाही, तुम्ही वर्तमानपत्रं वाचता. म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळलात तरी सांगतो: माणूस कोण, यापेक्षा त्याच्या कमरेला काय लटकलंय, ते मोजा.

जुडगा आपणहून सोडणारे राजेही आपल्याकडं झाले: औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना देऊन कारभार गावच्या पंचायतींकडं सोपवला, तोही स्वतः गादीवर असताना. सूर्यनमस्कारांसाठी आपण त्यांना ओळखतो, या गोष्टीसाठी ओळखत नाही. यावर खरं तर एक वेगळं भाषण व्हायला हवं.

नेपाळचं मात्र सांगूनच थांबतो. तिथल्या 1990 च्या राज्यघटनेत 127 वं कलम होतं, अडचणी दूर करण्याबद्दलचं. घटनेच्या अंमलबजावणीत अडचण आली, तर ती दूर करायला राजानं आवश्यक ते आदेश काढावेत. कोणती अडचण, कुणाला वाटलेली, काही नाही. 2002 च्या ऑक्टोबरमध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी ह्याच कलमाच्या आधारे पंतप्रधान शेरबहादुर देउबा यांना काढलं. 1 फेब्रुवारी 2005 ला सगळी सत्ताच हाती घेतली, देशातले टेलिफोन बंद पडले. पुढच्या वर्षी लोक रस्त्यावर उतरले आणि 28 मे 2008 ला संविधान सभेनं 560 विरुद्ध 4 मतांनी राजेशाही संपवली. आणि 2025 च्या मार्चमध्ये त्याच नेपाळच्या काठमांडूत राजाला परत आणा म्हणून मोर्चे निघाले. तेव्हाच्या पुढाऱ्यांना लोक विटले होते, त्यांचा राग मी समजू शकतो. पण त्या मोर्चेकऱ्यांपैकी एकानं तरी सांगावं, की राजे येणार ते 127 वं कलम घेऊन येणार, की ते बाहेर ठेवून?