पाच गुंठ्यांचा नांगर

(आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर आपण प्रत्येक बैठकीत बोलतो. पुढेही बोलणारच आहोत. आज मात्र आम्ही घरामागच्या, आखाड्याजवळच्या पाच गुंठ्यांवर बोलणार आहोत.

इथे बसलेल्या बहुतेकांकडे असा एखादा तुकडा आहे. आईच्या हाताखाली तिथे वांगी होती, मिरची होती, गवार होती, कुंपणावर वाल चढलेला होता. न्हाणीचे पाणी त्यावर वळवलेले असे. आज तिथे काय आहे? पऱ्हाट्यांचा ढीग आणि गाजरगवत. आणि आपण बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन मेथीची जुडी विकत आणतो. ज्याच्या घरी जमीन आहे त्याने मेथी विकत घ्यायची, ही काय तऱ्हा झाली?

गावोगाव आम्ही मायबहिणींना विचारले की हा तुकडा पडीक का? पाणी नाही, असे थोड्या जणी म्हणाल्या. बहुतेकींचे उत्तर एकच होते : नांगरायचा कशाने?

प्रश्न खरा आहे. पूर्वी मोठ्या शेताची पाळी घालून आलेली बैलजोडी संध्याकाळी परड्यात दोन तास फिरली की काम होई. आता दावणीला बैल किती जणांच्या? वैरण महाग झाली, गडी मिळेना. त्यात २०१५ साली राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली आणि थकलेला बैल विकून नवा घेण्याची वाट बंद झाली. बैल गेले, ट्रॅक्टर आला. पण भाड्याचा ट्रॅक्टरवाला पाच गुंठ्यांसाठी येत नाही. आला तरी उपयोग नाही. हिशेब करून पाहा. पाच गुंठे म्हणजे साधारण ६६ फूट रुंद आणि ८२ फूट लांब. मोठ्या ट्रॅक्टरला औतासकट वळायला दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा फूट सोडावे लागतात. ८२ मधून ३० गेले. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा नांगरलीच जात नाही, वर दोन टनांच्या धुडाने ती तुडवून निघते. कुंपण मोडते ते वेगळेच.

मग उरते कोण? कुदळ आणि बाई. दिवसभर दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या कापसात वाकायचे आणि घरी येऊन परडे खणायचे. तिने ते सोडून दिले, यात तिचा काय दोष? तिच्या कष्टाचा दाम कोणी कधी धरलाच नाही, म्हणून कुदळ आपल्याला फुकट वाटत आली.

या तुकड्यासाठी छोटी यंत्रे आहेत. त्यांची जात ओळखून घ्या. पाच-सात अश्वशक्तीचे पेट्रोलवरचे पॉवर वीडर मऊ जमिनीत तण काढायला चांगले. उन्हाळ्यात दगड झालेल्या काळ्या रानात घातले तर ते उड्या मारते, जमीन फोडत नाही. नऊ ते तेरा अश्वशक्तीचा डिझेलवरचा पॉवर टिलर, मागे माणूस चालतो तो, दोन फुटांचा पट्टा भुसभुशीत करतो. पंधरा अश्वशक्तीच्या आसपासचा छोटा ट्रॅक्टर तीन फुटांच्या वाटेतून जातो आणि त्याचे वजन मोठ्याच्या निम्म्याहून कमी असते. आपल्या तुकड्याला पॉवर टिलर पुरतो. दोन फुटांच्या पट्ट्याने ६६ फुटांत ३३ तास, प्रत्येक तास ८२ फुटांचे. एकूण चाल एक किलोमीटरहून कमी. वळणे, थांबणे धरून तासाभराचे काम. बरीच वर्षे पडीक असेल तर पहिल्या वर्षी उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या बैलजोडीने एकदा खोल नांगरून घ्या. पुढे यंत्रावर भागते.

आता आमची फजिती सांगतो. कृषी पदवीचा कागद भिंतीवर टांगलेला असताना आम्ही मृगाच्या पहिल्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी घरामागे टिलर घातला. यंत्र भाड्याने आले होते, परत द्यायची घाई होती. ओल्या चिकण मातीचे गोळे झाले, ऊन पडताच त्यांच्या विटा झाल्या. त्या हंगामात तिथे कोथिंबीरसुद्धा धड उगवली नाही. आमच्या आईने एवढेच विचारले, "वाफसा पाहिला होता का रे?"

यंत्र कोणतेही असो, काळ्या जमिनीत हुकूम वाफशाचा चालतो. चार बोटे खालची माती मुठीत दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून फुटली तर वाफसा आहे. गोळा तसाच चपटा झाला तर थांबा. भाड्याचे यंत्र दारात उभे असले तरी थांबा.

दुसरे, फिरत्या पात्यांचा सोस नको. दरवर्षी त्याच पाच-सहा इंचांवर पाती फिरली की खाली टणक थर बसतो, पाणी मुरत नाही, मुळे आडवी पसरतात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगते. ती स्वतःच स्वतःला थोडीफार उलटत असते. तिला शेणखत घाला, एक उभी-आडवी पाळी द्या आणि सोडा.

तिसरे, मागे घेताना पाती बंद असलीच पाहिजेत. यंत्र अंगावर येते आणि पाय सापडतो. पदर, धोतर खोचलेले हवे. पोरांना लांब ठेवा.

यंत्राने जमीन बिघडते, असे काही जुनी माणसे म्हणतात. किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हाही लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. तो नांगर पुढे गावोगाव गेला. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी १९९४ च्या सुमारास मोटारसायकलला मागे औत जोडले, कारण दुष्काळात बैल परवडेनात. शेतकऱ्याला अडचण कळली की तो अवजार शोधतो. त्याची वाट कोणी अडवू नये, एवढेच आपले मागणे.

पण यंत्र विकत घेऊ नका. पाच गुंठ्यांवर यंत्राचे व्याजही निघणार नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना छोटा ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर देण्याची योजना २०१२ साली निघाली. ज्यांना मिळतो त्यांनी जरूर घ्यावा. पण अनुदान पाहून घेतलेले आणि कामाचे तास न मोजता घेतलेले यंत्र दारात गंजते. आपल्याकडे इर्जिक होती. एकाच्या शेतात सगळ्यांची औते जात. तसेच करा. एका गल्लीतले वीस तुकडे मिळून शंभर गुंठे होतात, म्हणजे अडीच एकर. वाफशाच्या दोन-तीन दिवसांत ते उरकतील. मग यंत्रवाला वीस तासांसाठी आनंदाने येईल आणि भाडेही तुम्ही ठरवाल.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाच गुंठ्यांनी कर्ज फिटणार नाही. कापसाला आणि ज्वारीला भाव मिळाल्याशिवाय ते फिटणार नाही. कोणी परसबागेने गरिबी हटवायला निघाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पण कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येण्याआधीच वाटला जातो. या तुकड्यातली भाजी रोज ताटात पडते, उरली तर चार पैसे बाईच्या हाती येतात. दुकानदाराच्या वहीत ते कोणी मांडू शकत नाही.

म्हणून तो तुकडा तिचा. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात सीता शेतीचा विचार मांडला गेला तो याचसाठी. तिथे काय लावायचे, कधी नांगरायचे, हे ती ठरवील. टिलर चालवायलाही ती शिकेल. बैल आवरणाऱ्या हाताला क्लच काय जड आहे?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात असे तुकडे किती, एकूण गुंठे किती, तास किती लागतील. हे मोजायला घरातल्या बाईला सोबत घ्या. मापाची दोरी तिच्या हातात द्या.