विमानातील अदृश्य काम

टिळकवाडीच्या तिसऱ्या रेल्वे फाटकापुढे खानापूर रस्त्यावर उद्यमबागेची औद्योगिक वसाहत आहे. येथील ओतकामाचे कारखाने हे बेळगावचे भूषण होय. ओतलेल्या लोखंडात हवेची पोकळी राहिली तर तो भाग नापास होतो, हे येथील साध्या कामगारालाही ठाऊक असते. पुणे-बंगळूर महामार्गावर हत्तरगी येथे विमानांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा धातूच्या कामातील ही पिढीजात शिस्त या भागाच्या उपयोगी पडली. धातूचा भाग हातात घेता येतो, गेज लावून मोजता येतो, क्ष-किरणांनी त्याच्या अंतरंगात डोकावता येते. परंतु आजच्या विमानात असाही एक भाग असतो, की ज्याला वजन नाही, आकार नाही आणि जो डोळ्यांना दिसतही नाही. तो भाग म्हणजे संगणकाची आज्ञावली, अर्थात सॉफ्टवेअर.

उद्यमबागेतच १९७९ साली स्थापन झालेले गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांतून बाहेर पडलेली टिळकवाडीची मुले-मुली रात्रीच्या गाडीने बंगळूरला जातात. तेथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स आहे; देवनहळ्ळीजवळ बोइंग कंपनीने ४३ एकरांवर उभारलेले, २०२४ च्या जानेवारीत उद्घाटन झालेले अभियांत्रिकी केंद्र आहे. अशा एखाद्या मोठ्या संस्थेत मुलगी नोकरीस लागली, की घरी आनंद होतो. सुट्टीत ती घरी आली म्हणजे आजोबा कौतुकाने विचारतात, "वर्षभरात काय केलंस?" आणि ती सांगते, "एका छोट्या आज्ञावलीच्या चाचण्या केल्या." आजोबांचा विरस होतो. एवढ्या शिक्षणानंतर एवढेच काम? या प्रश्नाचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी वैमानिकाच्या हातातील दांडा तारा, कप्प्या आणि तेलाच्या दाबाने चालणारी यंत्रे यांच्या द्वारा विमानाचे पंख-शेपटीवरील पाते हलवीत असे. १९८८ साली प्रवासी सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० या विमानाने ही रीत बदलली. वैमानिकाची इच्छा प्रथम संगणकाकडे जाते आणि संगणक पात्यांना आज्ञा देतो. आपले 'तेजस' हे लढाऊ विमान तर मुद्दामच स्वभावतः अस्थिर राखले आहे, म्हणजे ते चपळाईने वळू शकते. संगणकाने क्षणोक्षणी तोल सावरला नाही, तर ते उडूच शकणार नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने या कामातील सहकार्य थांबविले. तरीही बंगळूरच्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांनी ते पुरे केले आणि ४ जानेवारी २००१ रोजी तेजसने पहिले उड्डाण केले. त्यापूर्वी विमानाची नियंत्रण-यंत्रे जमिनीवरील एका सांगाड्यावर जोडून वारंवार तपासण्यात आली. या सांगाड्याला अभियंते 'लोखंडी पक्षी' म्हणतात. तो कधीच उडत नाही. पण तो उत्तीर्ण झाल्यावाचून खऱ्या पक्ष्याला आकाश मोकळे होत नाही.

येथे सॉफ्टवेअर अभियंत्याच्या दैनंदिन कामाचे मर्म आहे. आज्ञावली लिहिणे हा त्यातील लहानसा भाग; ती निर्दोष आहे हे सिद्ध करणे हा मोठा भाग. प्रवासी विमानांच्या आज्ञावलींसाठी 'डीओ-१७८' नावाची नियमसंहिता जगभर पाळली जाते. तिची आजची आवृत्ती २०११ सालची आहे. चुकीचा परिणाम किती भयंकर होईल, त्यावरून या संहितेने कामाचे पाच स्तर ठरविले आहेत. जिच्या चुकीने विमानच कोसळू शकेल, ती आज्ञावली पहिल्या स्तराची. तिच्यातील प्रत्येक ओळ कोणत्या लेखी अपेक्षेसाठी लिहिली आणि ती अपेक्षा कोणत्या चाचणीने तपासली, याची नोंद ठेवावी लागते. विनाकारण आलेली एक ओळही खपत नाही. शिवाय लिहिणारा आणि तपासणारा एकच असून चालत नाही. आपल्या लेखनातील चूक आपल्याला दिसत नाही, हा मनुष्यस्वभाव संहितेने गृहीतच धरला आहे.

इतकी दक्षता कशासाठी, हे दोन घटनांवरून ध्यानी येईल. ४ जून १९९६ रोजी युरोपचे नवे 'एरियन-५' अग्निबाण आपल्या पहिल्याच उड्डाणात अवघ्या ४० सेकंदांच्या सुमारास नष्ट झाले. त्यातील आज्ञावलीचा एक भाग जुन्या एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. जुन्या अग्निबाणात तो वर्षानुवर्षे बिनचूक चालला होता. नवे अग्निबाण अधिक वेगवान होते. ज्या रकान्यात ३२,७६७ पर्यंतचीच संख्या मावत होती, तेथे तिच्याहून मोठी संख्या आली आणि संगणक थांबला. त्यात कोणी माणूस नव्हता, हे सुदैव. दुसरी घटना अधिक दुःखद आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात बोइंग ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने कोसळून ३४६ जण मृत्युमुखी पडले. तेथे एक आज्ञावली एकाच संवेदकाच्या चुकीच्या मापावर विश्वासून विमानाचे नाक पुनःपुन्हा खाली ढकलीत राहिली. तिला जे सांगितले होते, तेच तिने केले. दोष होता तो काय सांगावे हे ठरविण्यात. एकच मापक खोटा बोलला तर काय, हा प्रश्न जितक्या निकराने विचारला जावयास हवा होता, तितका तो विचारला गेला नाही.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. बोइंग ७८७ मधील वीज-जनित्रांच्या नियंत्रकातील एक मोजणी, वीज सलग २४८ दिवस सुरू राहिल्यास भरून ओसंडेल आणि जनित्रे बंद पडतील, असे प्रयोगशाळेतील चाचणीत आढळले. २०१५ साली अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने त्यापूर्वीच वीज बंद करून पुन्हा सुरू करण्याचा आदेश काढला. एवढे दिवस विमानाची वीज अखंड ठेवतो कोण, असे कोणीही म्हणाले असते. तरीही कोणीतरी ती चाचणी नेटाने चालविली. अपघात झाला नाही. म्हणून त्या माणसांची नावेही कोणी विचारली नाहीत.

या व्यवसायातील यशाचे स्वरूप असे आहे. जे घडले नाही, तेच त्याचे फळ. मोठ्या संस्थेत मुदतीचा तगादा असतो, वरिष्ठांची घाई असते, स्पर्धकाची भीती असते. अशा वेळी पंचविशीतील एखाद्या अभियंत्याला उभे राहून "हे अजून सिद्ध झालेले नाही" असे म्हणावे लागते. त्यास बुद्धीपेक्षा धैर्य अधिक लागते. आणि असे म्हणणाऱ्याचे ऐकून घेणे, हे संस्थेच्या थोरवीचे खरे माप होय.

हे धैर्य नोकरीत शिरल्यावर एकाएकी येत नाही. गणिताचे उत्तर आल्यावर ते उलट करून पडताळणारा विद्यार्थी, "असे का?" म्हणून विचारणारी विद्यार्थिनी आणि त्या प्रश्नाने न रागावणारे गुरुजी यांच्यात त्याचे बीज असते. टिळकवाडीच्या शाळांतून ते रुजविले गेले, तर आकाशातील अनोळखी प्रवासी ज्यांच्या भरवशावर निश्चिंत झोपतात, त्यांत येथील मुलेही असतील. वर्षभरात एका छोट्या आज्ञावलीच्या चाचण्या केल्या, असे नात सांगेल तेव्हा आजोबांनी पुढचा प्रश्न विचारावा: "आणि त्यात काय काय चुका सापडल्या?"