राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते

पहिली कंपनी सोडली तेव्हा माझी नोकरी 5 वर्षं 7 महिने झाली होती. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "राजीनामा देणाऱ्याला ग्रॅच्युइटी नसते." मी मान डोलावली. इंजिनिअर खरा, पण कायदा कुठे वाचला होता!

1972 च्या कायद्याप्रमाणे 5 वर्षं भरली की राजीनाम्यावरही ती मिळायची, नव्या संहितेतही मिळते. जुन्या कायद्यात हिशोब असा होता: शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता असेल तर तोही) भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. सहा महिन्यांवर गेलं की पूर्ण वर्ष धरतात. माझा मूळ पगार 26,000, म्हणजे 90,000 रुपये. लेखी अर्ज केला, पैसे आले.

अब्बांनी भिवंडीत 22 वर्षं लूम चालवला. हातात नेमणुकीचा कागदही नाही. तुमचं नियुक्तिपत्र, पगाराच्या स्लिपा आजच स्वतःच्या मेलवर ठेवा. ऑफिसचा लॅपटॉप शेवटच्या दिवशी काढून घेतात.