काडेपेटीशिवाय

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात ‘शाळा सुटल्यावर काय शिकलो’ या विषयावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जिलबी-मठ्ठ्यानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलंय, त्यामुळे ज्यांचे डोळे मिटतील त्यांनी खुशाल मिटावेत. मागच्या बाकावर बसून झोपायची आपल्या वर्गाला सवय आहेच. माझ्या आधी तिघांनी बँक, बागकाम आणि अमेरिका यांवर छान सांगितलं. माझा विषय ऐकून घरचे हसतात, तेव्हा तुम्हीही हसलात तरी हरकत नाही. गेली चार वर्षं मी काडेपेटी आणि लायटर न वापरता विस्तव पेटवायला शिकतोय.

आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. बहुतेक सगळे जुने ट्रेकर. एक निवृत्त टर्नर आहेत, एक वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका, एक दाताच्या डॉक्टर, दोन संगणकवाली पोरं आणि उरलेले माझ्यासारखे हौशी. कर्जतजवळ एकाचं शेत आहे, तिथल्या खळ्यावर आम्ही महिन्यातून एका रविवारी जमतो. जमीन झाडून ओली करायची, दोन बादल्या पाणी आणि एक घमेलं वाळू शेजारी ठेवायची, वारा सुटला की सगळं थांबवायचं, हे आमचे नियम. जंगलात आणि गडावर आम्ही विस्तव पेटवत नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय तसं करणं १९२७च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा राहू द्या. फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत कसं वाळतं आणि वणवा एका दुपारीत किती डोंगर काळा करतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला कायदा सांगावा लागत नाही.

आता मूळ विषय. आपल्याला सगळ्यांना सिनेमानं शिकवलंय की दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्या की ठिणगी पडते आणि आग लागते. नाही लागत. गारगोट्या आपटल्यावर अंधारात प्रकाश दिसतो, तो जवळजवळ थंड असतो. त्यानं कापूससुद्धा पेटत नाही. चकमकीत जळतं ते लोखंड. दगड पोलादापेक्षा कठीण आणि धारदार हवा, म्हणजे तो पोलादाचे बारीक कण खरवडून काढतो आणि ते तापलेले कण हवेत जळतात. म्हणून एक बाजू पोलादाचीच लागते, तीही भरपूर कार्बन असलेल्या पोलादाची. साधी सळई चालत नाही, स्टेनलेस स्टील तर मुळीच नाही. आमच्या टर्नरकाकांनी जुनी कानस लोहाराकडून तापवून वाकवून घेतली आणि पाण्यात विझवली. अशी चकमक दुकानात मिळाली नसती. दगडासाठीही लांब जावं लागलं नाही. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत अकीक, जास्पर असे गारेच्या जातीचे दगड तयार होतात आणि नद्यांच्या पात्रात ते गोट्यांसारखे सापडतात. गोल गोटा उपयोगाचा नाही, तो फोडून धार काढावी लागते. सिगारेटच्या लायटरमधला खडा मात्र दगड नसतोच. तो सेरियम आणि लोखंड यांचा मिश्रधातू. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं तो १९०३ साली शोधला. त्याची ठिणगी ३००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, म्हणून त्याच्याशी आमच्या चकमकीची तुलना करू नये.

चकमकीची ठिणगी दुबळी असते. वाळलेल्या गवतावर ती पडते आणि मरते. तिला धरून ठेवणारं काहीतरी आधी तयार असावं लागतं, आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ आमचा त्यातच गेला. जुन्या सुती धोतराचे तुकडे घ्यायचे. पत्र्याच्या झाकणाच्या डबीत ठेवून झाकणाला खिळ्यानं एक बारीक भोक पाडायचं आणि डबी विस्तवावर ठेवायची. भोकातून धूर येत राहतो. धूर थांबला की डबी उतरवायची, पण उघडायची नाही. गरम असताना उघडली तर हवा लागून आतल्या कापडाची राख होते. पूर्ण थंड झाल्यावर आत काळं, मऊ, हात लावला तर तुटेल असं कापड मिळतं. जळणारे वायू निघून गेलेले असतात, उरलेला असतो नुसता कोळसा. त्यावर बारीकशी ठिणगी पडली तरी लाल ठिपका उमटतो आणि पसरत जातो. कापड मात्र शंभर टक्के सुती हवं. टेरिकॉट वितळून डबीला चिकटतं. म्हणजे आपला शाळेचा गणवेश इथेही कामाचा नाही.

बाई, तुम्ही आठवीत फळ्यावर ज्वलनाच्या तीन अटी लिहून दिल्या होत्यात: ज्वलनशील पदार्थ, प्राणवायू आणि पुरेसं तापमान. तीन मार्कांचा प्रश्न होता, मला तिन्ही मिळाले होते. पण या तिन्ही गोष्टी खळ्यावर हजर असतात आणि तरीही आग लागत नाही. कारण मधे एक टप्पा असतो, जो आपल्या पुस्तकात नव्हता. काही पदार्थ ठिणगी धरतात पण ज्वाळा देत नाहीत, काही ज्वाळा देतात पण ठिणगी धरत नाहीत. सावरीचा कापूस भप्पकन पेटतो आणि तुम्ही पुढची काटकी उचलेपर्यंत संपलेला असतो. नारळाचा काथ्या उलट. तो ज्वाळा सहज देत नाही, पण धुमसत राहतो. पूर्वी पानाच्या टपरीवर विडी पेटवायला लोंबकळता दोर असायचा, आठवतो ना? दिवसभर टोकाला धुमसणारा. ते हेच. आणि धुमसण्यात गोवरीचा हात धरणारं कुणी नाही. म्हणून घरटं बांधतात तसं करायचं: मधे मऊ पिंजलेला काथ्या, बाहेर वाळलेलं गवत, आत तो लाल ठिपका ठेवायचा आणि तोंडापुढे धरून हळू फुंकायचं. आधी धूर पांढरा आणि पातळ असतो, मग दाट होतो, आणि मग एकदम हातात ज्वाळा असते. त्या वेळी मोठी माणसंसुद्धा ओरडतात. आमच्या डॉक्टरबाई तर नाचल्या.

घर्षणाची रीत याहून अवघड. लाकडाची फळी, तिच्या खळगीत उभी काठी, काठीला दोरीचा वेढा आणि दोरी ताणलेलं धनुष्य. धनुष्य पुढेमागे ओढलं की काठी फिरते आणि खळगीच्या खाचेतून भुकटी खाली पडते. यज्ञासाठी अरणीमंथन करतात, त्यातही तत्त्व हेच. तिथे पिंपळाचं लाकूड, आणि परंपरेनं शमीवर उगवलेल्या पिंपळाचं. आम्ही हलकं, नख रुतेल इतकं मऊ आणि पूर्ण वाळलेलं लाकूड घेतो. घायपाताचा मोठा दांडा फुलून वाळला की त्याच्यासारखं दुसरं नाही. रेल्वेच्या बाजूनं तो कितीतरी दिसतो, मला आता खिडकीतून दुसरं काही दिसत नाही. भुकटी तपकिरी पडली तर दाब किंवा वेग कमी आहे, काळी पडली तर बरोबर. आणि धूर दिसला म्हणून थांबायचं नाही, इथेच नवखे फसतात. तो धूर घर्षणाचा असतो. हात थांबवल्यावरही भुकटीतून धूर येत राहिला तर आत निखारा जन्मलाय असं समजायचं. मग कुणाच्या तरी नाकावरून घामाचा थेंब त्यावर पडतो आणि सगळं पहिल्यापासून. पावसाळ्यात तर भुकटीसुद्धा हवेतलं पाणी पिते. जुलैमध्ये कर्जतला एका रविवारी बारा माणसांनी आळीपाळीनं तीन तास धनुष्य ओढलं आणि नुसता धूर निघाला.

त्या दिवशीचीच गोष्ट सांगायला मी खरं तर उभा राहिलोय. शेताच्या बांधापलीकडे वाडी आहे. तिथल्या एक आजी आम्हाला नेहमी बघतात. सत्तरीच्या पुढच्या असतील. त्या दिवशी बराच वेळ पडवीत उभं राहून त्यांनी आमची झटापट पाहिली. मग घरी गेल्या आणि करवंटीत राख, राखेवर गोवरीचा धुमसता तुकडा असं घेऊन आल्या. खळ्यावर ठेवून म्हणाल्या, “घ्या. च्या कवा टाकायचा मग?”

चहा झाला. प्राध्यापिकाबाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही लहानपणी कसा पेटवत होतात? आजींना प्रश्नच कळेना. “पेटवायचा कशाला? असायचाच की.” रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायचा, सकाळी राख बाजूला करून वर काटक्या घालायच्या आणि फुंकणीनं फुंकायचं. काडेपेटी घरात होती, पण काड्या मोजून वापरायच्या. निखारा मेलाच, तर शेजारून विस्तव आणायचा, करवंटीत नाहीतर गोवरीवर. अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना १९२०च्या दशकातच सुरू झाला होता, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं वाडीतली सकाळ मागून आणलेल्या विस्तवावर सुरू होत होती.

आपण म्हणतो ना, त्या दोघांत विस्तव जात नाही. हे मी पन्नास वर्षं म्हणत आलो, त्यात विस्तव आहे हे कधी कानाला लागलंच नव्हतं. मी आजींना तसं म्हणालो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “माझं आन् जावंचं तसंच हुतं. तीन पावसाळं.” शेतावरून काहीतरी झालं होतं, काय ते त्यांनी सांगितलं नाही. घरं भिंतीला भिंत. तरी चूल विझली की या पलीकडच्या आळीतून विस्तव आणायच्या, पावसात, करवंटी पदराखाली धरून. वाटेत विझला तर पुन्हा मागे. पदर किती वेळा भाजला ते त्यांनी हातानं दाखवलं. चौथ्या पावसाळ्यात त्या बाळंत झाल्या आणि चौथ्या दिवशी ताप चढला. नवरा कामाला, घरात थोरलं पोर तीन वर्षांचं, चूल थंड. सकाळी जाऊ आली. हातात करवंटी. चुलीत विस्तव घातला, काटक्या लावल्या, पाणी तापत ठेवलं आणि निघून गेली. बोलली नाही. “दुसऱ्या दिशी बी आली. मग बोलली,” आजी म्हणाल्या आणि कप विसळायला घेतला.

आमची संगणकवाली पोरं त्या दिवशी धनुष्य बाजूला ठेवून बसली होती. मलाही वाटलं की विस्तव पेटवण्याची विद्या आपण शिकतोय खरी, पण माणसानं त्याहून जास्त काळ आणि जास्त निगुतीनं जी विद्या वापरली ती विस्तव सांभाळण्याची आणि नेण्या-आणण्याची असणार. १९९१ साली आल्प्स पर्वतात बर्फात एका माणसाचं शरीर सापडलं, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचं. त्याच्या थैलीत आग पेटवायला वाळवलेली अळंबी होती आणि तिच्यावर पायराइट या खनिजाचे कण, म्हणजे चकमकीची सोय होतीच. तरीही त्याच्याजवळ बर्च झाडाच्या सालीचा एक डबा होता आणि त्यात मेपलच्या पानांत गुंडाळलेले कोळशाचे तुकडे. निखारा बरोबर नेण्यासाठीचा तो डबा असावा असं संशोधक मानतात. म्हणजे पेटवता येत असूनही तो विस्तव घेऊन निघाला होता. आजींची करवंटी पाहिल्यापासून मला त्या माणसाचं नवल वाटत नाही.

तेव्हापासून आमच्या रविवारात एक तास निखाऱ्याचा असतो. कुठल्या राखेत तो रात्रभर टिकतो, गोवरीत किती वेळ, काथ्यात किती वेळ, चालताना करवंटीत किती हवा खेळू द्यायची. हवा जास्त झाली तर तो भराभर संपतो, कमी झाली तर गुदमरतो. यात आमचा गुरू कोण हे सांगायला नको. आजी शिकवताना फार चिडतात. आपल्या गणिताच्या सरांची आठवण येते. सर, रागावू नका.

आता थोडं कामाचं. मुख्याध्यापकबाईंच्या परवानगीनं मागच्या मैदानात, पाण्याच्या टाकीजवळ, साडेचारला प्रात्यक्षिक आहे. चकमक, जळकं कापड, काथ्या सगळं मी आणलंय. घायपाताचे दोन दांडेही आहेत, पण ते ज्यांचे खांदे शाबूत आहेत त्यांनीच हातात घ्यावेत. सिंथेटिक साड्या आणि ओढण्या दोन हात लांब. टर्नरकाका माझ्याबरोबर आले आहेत, बादल्या तेच सांभाळतील आणि त्यांचं ऐकायचं आहे. करवंट्याही पाच-सहा आहेत. विस्तव झाला तर एकानं दुसऱ्याला नेऊन द्यायचा असा खेळ ठेवलाय. जोड्या मी लावलेल्या आहेत, त्यावर तक्रार चालणार नाही.

आणि विस्तव नाहीच झाला तर घाबरू नका, पाच वाजताचा चहा गॅसवर आहे.