माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन : अपिलांचे निकाल काय सांगतात?

(नाशिक येथे माजी सैनिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



नाशिकरोडचे तोफखाना केंद्र आणि देवळालीची तोफखाना प्रशाला यांमुळे आपल्या जिल्ह्याचे सैन्याशी जडलेले नाते मी आपणांस सांगावयास नको. तोफेशेजारी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गोलंदाजाचे कान गेले, तर त्याचे कारण कोणालाही पटते. परंतु त्याच गोलंदाजाला मूळव्याध जडली असेल तर? हा आजार शेतकऱ्याला होतो, दुकानदाराला होतो, कचेरीतील कारकुनालाही होतो. मग तो सैन्यसेवेमुळे झाला असे कसे म्हणावयाचे? अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या कितीतरी अपिलांचा निकाल याच प्रश्नावर लागतो.

सेनेच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनी दोन अटी घातल्या. आजार सेवेमुळे उद्भवलेला अथवा सेवेमुळे बळावलेला असावा आणि अपंगत्व किमान २० टक्के असावे. यांतील ‘बळावलेला’ हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मूळव्याधीचे मूळ कोठेही असो, बद्धकोष्ठाने आणि जड ओझी उचलण्याने ती वाढते. पाणी तुटपुंजे, अन्न कोरडे आणि शौचाची वेळ अनिश्चित अशा चौकीवर ज्यांनी दिवस काढले, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. मात्र केवळ या आजाराचे अपंगत्व सहसा २० टक्क्यांपर्यंत जात नाही. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी आजारवार दर ठरलेले आहेत. तेथेही मूळव्याधीचा कमाल दर २० टक्केच असून, सतत रक्तस्रावाने रक्तक्षय होण्यासारख्या गंभीर अवस्थेतच तो मिळतो. म्हणून आपल्याकडे असा आजार बहुधा इतर आजारांच्या जोडीने मांडला जातो. वैद्यकीय मंडळ सर्वांचे एकत्रित प्रमाण ठरवते, पण सेवेशी संबंध मान्य झालेले आजारच त्यात धरले जातात.

हा संबंध सिद्ध कोणी करावयाचा? १९८२ च्या पात्रता नियमांचे उत्तर सैनिकाच्या बाजूचे होते. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नाही तो आजार सेवेत उद्भवला असे धरावे, पुराव्याचा भार अर्जदारावर टाकू नये आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, असे ते नियम सांगतात. तरीही ‘शरीरप्रकृतीजन्य, सेवेशी संबंध नाही’ एवढ्या एका ओळीवर अर्ज फेटाळले जात राहिले. २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या एका ओळीचा समाचार घेतला. सिग्नल दलातील हा जवान अपस्मारामुळे सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर घरी पाठविला गेला होता. भरतीच्या वेळी आजार का दिसू शकला नाही याची कारणे मंडळाने दिली पाहिजेत, ती न दिल्यास लाभ सैनिकाचा, असे न्यायालयाने ठरविले.

याचा अर्थ प्रत्येक दावा मान्य होतो असा नव्हे. देवळालीच्या जुन्या छावणीत बोटीची वाट पाहत खितपत पडलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीला वेडसरपणासाठी ‘डूलॅली’ हा शब्द मिळाला, हे आपण जाणताच. मनाचे आजार आजही अपिलात येतात. स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय मंडळाचे मत उचलून धरले आणि निवृत्तिवेतन नाकारले. मे २०२५ मध्ये त्याच आजाराच्या दुसऱ्या प्रकरणात मंडळाने कारणे दिली नव्हती, म्हणून निकाल सैनिकाच्या बाजूने लागला. आजार एकच, निकाल दोन. माझ्या मते यातून घ्यावयाचा बोध आजाराच्या नावाविषयी नसून कागदाविषयी आहे.

आणि येथेच मूळव्याधीसारख्या दुखण्याची खरी अडचण आहे. पाय मोडला तर जवान लपवीत नाही; हे दुखणे मात्र तो लाजेने लपवतो, एम. आय. रूममध्ये जात नाही आणि सेवेतील एकही नोंद मागे राहत नाही. आज सेवेत असलेल्या आपल्या मुलांना व पुतण्यांना हे आवर्जून सांगा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांना नवे पात्रता नियम लागू आहेत, आणि त्यांच्या बाबतीत जुन्या नियमांतील गृहीतकांवर विसंबून चालणार नाही.

वीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडण्याला मोठे मोल आहे. राम अवतार प्रकरणातील १० डिसेंबर २०१४ च्या निकालानंतर, पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांचेही ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरून रक्कम काढण्याचा मार्ग खुला झाला.

नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावे. तेही फेटाळले गेल्यास दुसऱ्या अपिलीय समितीकडे व नंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. न्यायाधिकरणाचे मुंबई पीठ महाराष्ट्र, गुजरात व गोव्यासाठी आहे. उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही, परंतु २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी सर्वसाधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्यामागील वर्षे बुडतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशीस येताना डिस्चार्ज बुक, पी. पी. ओ., वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि नकाराचे पत्र, पाकिटासह, बरोबर आणावे. पाकिटावरील तारखेचा शिक्का मुदत मोजताना उपयोगी पडतो.