संसाराची शिल्लक

प्रपंच म्हटला कीं जमाखर्च आला. जमेची बाजू बहुतेक घरांत एकदोन ओळींत संपते. खर्चाच्या बाजूला मात्र पान पुरत नाहीं. त्यामुळें पैशाची चिंता म्हणजे अपुऱ्या प्राप्तीची चिंता, असा समज रूढ झाला आहे. पगार वाढला कीं चिंता मिटेल, या आशेवर वर्षांमागून वर्षें जातात. पगार वाढतोहि, पण चिंता जागची हलत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. परंतु अंथरूण लांबलें कीं पायहि तितकेच लांबतात, हें त्या म्हणीनें सांगितलेलें नाहीं. भाड्याच्या दोन खोल्यांत राहून जें कुटुंब महिनाअखेर कांहीं शिल्लक टाकीत होतें, तेंच कुटुंब दुप्पट प्राप्तीनंतर हप्त्यांच्या तारखा मोजतांना दिसतें.

आर्थिक स्वातंत्र्य हा शब्द हल्लीं वरचेवर कानांवर येतो. त्याचा अर्थ श्रीमंती नव्हे. कामधंदा सोडून स्वस्थ बसणें हाहि त्याचा खरा अर्थ नव्हे. एखादे वेळीं पगार आला नाहीं तरी घरांतील चूल पेटते, मुलांची फी भरली जाते आणि न पटणाऱ्या गोष्टीला 'नाहीं' म्हणण्याचें धैर्य राहतें, एवढाच त्याचा साधा अर्थ. म्हणून या स्वातंत्र्याचें माप रुपये नव्हे, महिने हें आहे. जवळ पैसा किती, याऐवजीं त्या पैशांत घर किती महिने चालेल, हें विचारावें.

या मापाचें महत्त्व संकटांत कळतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. तो रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. पगाराचे दिवस मात्र एकामागून एक कोरडे गेले आणि कित्येक कुटुंबांना गांवची वाट धरावी लागली. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हां पांढरपेशा वर्गापैकीं अनेकांना हाच धडा मिळाला. अशा वेळीं सारख्याच पगाराच्या दोन घरांपैकीं एक पहिल्याच महिन्यांत उसनवारीला लागतें आणि दुसरें सहा महिने धीरानें काढतें. हा फरक पगारानें पडलेला नसतो.

समजा, पुण्यांतील एका कुटुंबाची प्राप्ति महिना ६०,००० रुपये आणि खर्च ४५,००० रुपये आहे. वर्षाची बचत १,८०,००० रुपये झाली. म्हणजे एका वर्षाच्या कष्टानें त्या घरानें ४ महिन्यांचें स्वातंत्र्य मिळविलें. आतां त्याच घरानें महिन्याचा खर्च ५,००० रुपयांनीं कमी केला. बचत २,४०,००० रुपयांवर गेली आणि खर्च ४०,००० रुपयांवर आल्यामुळें ती ६ महिने पुरूं लागली. खर्च एक नवमांशानें उतरला, पण स्वातंत्र्य दीडपट झालें! याउलट पगार ५,००० रुपयांनीं वाढून खर्च तसाच राहिला असता, तर तीच बचत साडेपांच महिनेहि पुरली नसती. कपात दोन्ही बाजूंनीं काम करते: ती शिल्लक वाढविते आणि गरज घटविते.

मात्र काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. दूध, औषध आणि शिक्षण यांवर कात्री चालवून जमविलेला पैसा महाग पडतो. भाजीवालीशीं दोन रुपयांची घासाघीस करणारें घर लग्नकार्यांत एका दिवसांत चार लाख उधळतें, तेथें कात्रीची खरी जागा आहे. घर, वाहन आणि समारंभ हे तीन मोठे निर्णय बेतानें घेतले, तर बाकीच्या बारीकसारीक खर्चाचा जाच उरत नाहीं.

व्यवस्था जितकी साधी, तितकी ती टिकते. पगार होतांच बचतीची रक्कम प्रथम वेगळी काढावी आणि उरलेल्यांत घर चालवावें. महिनाअखेर उरेल तें साठवूं, असें म्हणणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं. मोबाइलवरून पैसे देतां येऊं लागल्यापासून नोट हातांतून जातांना होणारी बोचणी नाहींशी झाली आहे. म्हणून आठवड्यांतून एकदां खर्च वहींत उतरविण्याची जुनी रीत आज अधिक उपयोगाची आहे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना तीन टक्के व्याज दिसायला लहान, पण साधा हिशेब केला तरी वर्षाला तें ३६ टक्के होतें. असें ऋण डोक्यावर असतांना दुसरीकडे बचत करणें व्यर्थ होय.

ऋण फिटल्यावर पहिले ६ महिने बँकेंत ठेवावे. एका बँकेंतील एका ठेवीदाराच्या ठेवींवरील विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख रुपयांवर नेण्यांत आली. मोठी ठेव करतांना ही मर्यादा ध्यानांत असावी. त्यापुढील पैसा मात्र नुसता पडून राहूं नये. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर सुमारें १२ वर्षांत वस्तूंचे भाव दुप्पट होतात. यासाठीं १९६८ सालीं सुरू झालेली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची १५ वर्षांची योजना स्थैर्य देते. चढउतार सोसण्याची तयारी असल्यास दीर्घ मुदतीचा कांहीं भाग शेअर बाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडांत ठेवतां येतो.

अखेरचें मुक्कामस्थान कोणतें? विल्यम बेंगेन या अमेरिकन सल्लागारानें १९९४ मध्यें तेथील शेअर व रोखे यांच्या जुन्या आंकड्यांवरून दाखविलें कीं, पहिल्या वर्षीं पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढून पुढें ती महागाईप्रमाणें वाढवीत गेल्यास पुंजी निदान ३० वर्षें टिकते. वार्षिक खर्चाच्या २५ पट हा ठोकताळा त्यावरूनच निघाला. तो परक्या बाजाराचा आहे. म्हणून येथें ३० ते ३५ पट धरणें अधिक सुरक्षित. आंकडा मोठा वाटतो, पण तोहि खर्चावरच उभा आहे. महिन्याचे ५,००० रुपये कमी झाले कीं ३० पटीच्या हिशेबानें १८ लाखांचें ओझें उतरतें.

या सर्वांत एक गोष्ट मात्र विसरली जाते. हिशेब एकालाच ठाऊक असेल, तर स्वातंत्र्यहि एकाचेंच राहतें. कर्ता पुरुष अचानक गेल्यावर कागदपत्रांसाठीं कपाटें धुंडाळणारी गृहिणी पैसा असूनहि निराधार होते. पतीनें स्वतःच्या आयुष्याचा विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मिळकतीच्या कायद्याखालीं पत्नी व मुलांच्या नांवें उतरविला, तर ती रक्कम त्याच्या सावकारांना घेतां येत नाहीं. ठेवींवर नामनिर्देशन असावें. पण नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्क नव्हे, म्हणून मृत्युपत्रहि असावें. खातीं, विमे, देणीं आणि येणीं एका पानावर लिहून तें पान कोठें आहे, हें दोघांनाहि ठाऊक असावें. वर्षांतून एकदां, पाडव्याला म्हणा, पतिपत्नींनीं तें पान समोर घेऊन बसावें आणि घराजवळ आतां किती महिने जमले, तें दोघांनीं मिळून मोजावें.