उपवास, ऊन आणि मधुमेह

परभणी जिल्ह्यातलं पोखर्णी हे नृसिंहाचं गाव. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, अनेकांचा उपवास असतो आणि ऊनही रणरणतं. मधुमेह असलेल्यांनी या दिवसांत विशेष जपायला हवं.

साखर कमी करणारी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, गरगरतं. माणूस शुद्धीवर असेल, तर लगेच ३ चमचे साखर पाण्यात घालून द्या. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा. उलट साबुदाण्याच्या खिचडीनं साखर झपाट्यानं वाढते. म्हणून उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर अनवाणी चालताना तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब मोफत तपासून घ्यावा. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करू नका.